बाजारात मायनं खाल्लेला मासा

आमचं घर तळ्याच्या पाळीखाली होतं. पाळ म्हणजे मातीचा मोठा बांध. त्याच्यावर उभं राहिलं की एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला आमचे पत्रे दिसायचे. घरात कशालाही हात लावला तरी हाताला ओल्या जाळ्याचा वास यायचा. बा दारात पाय पसरून बसायचा, जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचा आणि त्याची फाटलेली घरं, म्हणजे विणीतली भोकं, विणत राहायचा. जाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या असायच्या. तो जाळं पुढं ओढायचा तशा त्या फरशीवरून खडखड घसरत यायच्या. मी त्याच आवाजात अभ्यास केला, त्याच आवाजात दुपारची झोपले. आता माझ्या घरी पंख्याचा आवाज असतो आणि मला दुपारी झोप लागत नाही.

माय बोलायला कमी आणि हाताला जड होती. तिचा मार आणि तिचं कालवण, दोन्ही भावकीत नावाजलेले. कालवणात ती येसर घालायची. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मिरच्या असं सगळं वेगवेगळं भाजून दळलेलं ते पीठ वर्षाचं एकदाच व्हायचं, आणि ते भाजलं त्या दिवशी शेजारच्या बाया नाकाला पदर लावून, खोकत खोकत, वाटी घेऊन यायच्या. मासा असला की त्याची वाटणी ठरलेली होती. डोकं बाला, मधला जाड तुकडा दिगूला, शेपटाकडचा मला. मायच्या ताटात रस्सा आणि काटे. आम्ही भोई. घरात मासा रोज असतो असं लोकांना वाटायचं. खरं म्हणजे चांगला मासा बाजारात जायचा आणि घरात यायचा तो दबलेला, नाहीतर वजनात न बसणारा.

दिगू माझा थोरला भाऊ, दिगांबर. बारावी करून तो घरीच राहिला होता, आणि बाची दम्याने छाती भरायला लागल्यापासून तळं त्याच्याच अंगावर आलं होतं. तळं आमच्या भावकीतल्या चार-सहा घरांच्या संस्थेकडे होतं. पूर्वी सगळे मिळेल तो मासा, मिळेल तेव्हा धरायचे, आणि उन्हाळ्यापर्यंत तळ्यात बेडकाशिवाय काही राहायचं नाही. दिगू सिद्धेश्वर धरणाकडे जाऊन काही दिवस शिकून आला आणि आल्या आल्या त्याने भांडणं सुरू केली. तळ्यात बोटुकली सोडायची, म्हणजे बोटाएवढी झालेली पिल्लं. पाणी सोसेल तेवढीच सोडायची, जास्त नाही. वरच्या पाण्यात चरणारा कटला, मधल्या पाण्यातला रोहू आणि तळाशी चरणारा मृगळ, तिघांनी एकमेकांच्या तोंडचं न घेता वाढायचं. हातभर पोसलेला मासाच धरायचा, लहान मासा जाळ्यात आला तर परत सोडायचा, आणि बारीक घरांचं जाळं तळ्यात कुणी म्हणजे कुणी टाकायचं नाही. भाकरी खाताना, अंघोळीला बसल्यावर, बाच्या पाठीला तेल चोळताना, त्याचं हेच चालायचं. "मासा उपटायचा न्हाई, पिकवायचा," असं तो म्हणायचा, आणि माय म्हणायची, "आधी भाकर गीळ."

त्याचं सगळ्यात जास्त वाजायचं ते मारोतीकाकाशी. मारोतीकाका बाचा धाकटा भाऊ. घर आमच्या भिंतीला भिंत लागून. त्याने घरामागे खड्डा खोदून परदेशी मांगूर पाळला होता. काळा, मिशाळ, गढूळ पाण्यातही मरत नाही असा मासा. त्याला बंदी होती, कारण तो नदी-तळ्यात गेला की बाकी मासे खाऊन टाकतो. काका त्याला कोंबडीच्या दुकानातली आतडी टाकायचा. पिशवी उलटी केली की खड्ड्यातलं पाणी उकळल्यासारखं व्हायचं, आणि तो वास आमच्या चुलीपर्यंत यायचा. काकाचं म्हणणं, हाच मासा तळ्यात सोडू, वर्षात दोनदा काढू. दिगू म्हणायचा, "काका, मांगूर सोडला तर तळ्यात दुसरं काहीच राहणार न्हाई." काका हसायचा. "तुझ्या शिकवणीनं पोट भरत आसंल तर भर बाबा." पण तो माणूस वाईट नव्हता, हे मला इथं लिहायलाच पाहिजे. मला पोहायला त्यानेच शिकवलं. जत्रेत खांद्यावर त्यानेच बसवलं. वाईट माणसांनी केलेलं विसरता येतं, याचं मला विसरता आलं नाही.

त्या वर्षी मासा असा पोसला होता की सकाळी पाळीवर उभं राहिलं तर पाण्यावर त्यांच्या उड्यांचे आवाज ऐकू यायचे. गावात सगळीकडे हळद शिजत होती. कुरुंद्याकडून, आमच्या बाजाराच्या गावाकडून, वारा आला की सगळ्या रानाला तोच कढत, मातकट वास यायचा. अशाच एका सकाळी दिगूला तळ्याच्या खोल अंगाला एक बारीक जाळं दिसलं. कुणीतरी चोरून टाकलेलं. कुणाचं ते कधीच कळलं नाही, आणि आता कळून उपयोगही नाही. तो टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून गेला. मी पाळीवर कपडे धूत होते. तो जाळं ओढत होता आणि ते येत नव्हतं, खाली बुडालेल्या बाभळीच्या खोडाला अडकलं होतं. त्याने माझ्याकडे बघून हात केला, म्हणजे थांब, येतो, आणि बुडी मारली. मी एक चादर पिळून दगडावर टाकली. दुसरी पिळली. ट्यूब एकटीच हळूहळू फिरत होती.

मी ओरडले तेव्हा पहिल्यांदा पाण्यात पडला तो मारोतीकाका. अंगातल्या कपड्यानिशी. त्या दिवशी त्याने इतक्या बुड्या मारल्या की त्याच्या नाकातून रक्त आलं, आणि लोकांनी त्याला धरून बसवलं. पाणी गढूळ झालं होतं, हाताला हात दिसत नव्हता. तालुक्याहून बोट मागवली होती. ती यायच्या आत दुसऱ्या दिवशी दुपारी काकाच परत उतरला, विळा तोंडात धरून, आणि जाळं कापून त्याने दिगूला वर आणलं. काठाला आल्यावर तो गुडघ्यावर बसला आणि लहान लेकरासारखा हंबरला. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

काठावर सगळं गाव होतं. पोरांच्या हातात तेव्हा नवे नवे रंगीत मोबाईल आले होते. बा "झाका रे, झाका" म्हणत होता, पण चादर येईपर्यंत फोटो काढून झाले होते. दिगूच्या उजव्या कानाची पाळी नव्हती. तळाच्या चिखलात खेकडे असतात, कासवं असतात, त्यांचं ते काम. रोहू आणि कटला माणसाच्या अंगाला तोंड लावत नाहीत, पाण्यातलं शेवाळ आणि किडूकमिडूक हेच त्यांचं खाणं. हे आम्हाला माहीत होतं. लोकांना फक्त कान दिसला. दवाखान्यातून शिवून आणल्यावर मायनं त्याला स्वतः अंघोळ घातली, कुणाला हात लावू दिला नाही. डोक्याला रुमाल बांधताना तिनं तो उजव्या बाजूला जरा जास्त खाली ओढला आणि तिथंच एक गाठ मारली.

दिवस झाले. सुतक फिटलं. चैत्राचं ऊन तापायला लागलं तसं तळं काठापासून आत आत सरकायला लागलं. मासा काढणं भागच होतं, नाहीतर पाणी आटून चिखलात मेला असता. भावकीतल्या पुरुषांनी मान खाली घालून जाळी ओढली, कुणी नेहमीसारखी आरोळी दिली नाही. दिगूनं जपलेला मासा टोपल्यात मावेना. रोहूची पाठ तांबूस चमकत होती आणि कटल्याची डोकी तांब्याएवढी होती. माय आणि मी टोपली घेऊन कुरुंद्याच्या बाजाराला गेलो.

पहिलं गिऱ्हाईक एका शिक्षकाची बायको होती. तिनं मासा हातात घेतला, कल्ले उघडून बघितले, आणि म्हणाली, "ताजा हाय की." तेवढ्यात मागच्या बाईनं तिचं मनगट धरलं. "ठेव खाली. ह्या तळ्यातले मासे माणूस खाल्लेले हायेत. माझ्या पोरानं मोबाईलात दाखवलं मला, कान न्हवता त्याला." तिनं मासा असा टाकला की तो टोपलीत न पडता धुळीत पडला. मग बातमी आमच्या डोळ्यांदेखत बाजारभर फिरली. लोक मिरच्यांच्या ढिगापासून, बांगड्यांच्या दुकानापासून, मुद्दाम वाकडी वाट करून यायचे, टोपलीत वाकून बघायचे आणि जायचे. एक म्हातारा मायला म्हणाला, "बाई, पोटच्या लेकराचं मांस इकायला बसली व्हय?" मायनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती माशांवर पाणी शिंपडत राहिली.

मारोतीकाका आमच्यापासून दोन दुकानं पलीकडे मांगूर घेऊन बसला होता. शेवटी लोक त्यालाच विचारायला लागले, कारण वर काढणारा तोच होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "मारोती, तू काढलं न्हवं त्याला? खरं हाय का रे? माशांनी खाल्लं होतं का?" मायचं पाणी शिंपडणं थांबलं. मी काकाकडे बघत होते. त्याला एवढंच म्हणायचं होतं की न्हाई, खेकडं असतात तळाला. बाजारानं त्याचं ऐकलं असतं. तो मान खाली घालून वजनाचा ताजवा पुसत राहिला. मग म्हणाला, "मी काय सांगू बापू? माझाच पुतण्या हाय तो."

त्या दिवशी काकाचा सगळा मांगूर खपला.

आमचा मासा संध्याकाळपर्यंत नासला. येताना मायनं आणि मी तो हळदीच्या एका रिकाम्या रानात खड्डा करून पुरला. मायनं खड्डा मला खणू दिला नाही. खोरं घेऊन एकटी खणत होती आणि मधेच थांबून म्हणाली, "बोलला आसता तर त्याच्या बापाचं काय जात होतं?" मग तिला आठवलं असावं की त्याचा बाप म्हणजे तिचाच सासरा. ती परत खणायला लागली.

दोन दिवसांनी भावकी आमच्या अंगणात बसली. त्यात रागावणारं कुणी नव्हतं, आणि त्याचंच वाईट वाटत होतं. सगळे हळू बोलत होते. एवढा मासा सडला, अजून तळ्यात तेवढाच आहे, घराघरात लेकरं आहेत. पुढच्या बाजारालाही खपला नाही तर तळं मारोतीच्या हातात द्यावं, त्याला मांगूर सोडू द्यावा, त्याच्या माशाला कुणी नाव ठेवत नाही. बा भिंतीला टेकून बसला होता. त्याने दिगू गेल्यापासून जाळ्याला हात लावला नव्हता. तो म्हणाला, "द्या. मला त्या पाण्याकडं बघवत न्हाई." काका एका कोपऱ्यात होता. तो म्हणाला, "वहिनी, मी काय मागायला आलो न्हाई. समदे म्हणून राहिले म्हणून."

माय दारात उभी होती. "भावजी, तुमी त्याला वर काढलं, त्याचे उपकार हायेत," ती म्हणाली. "पर ह्या बाजाराला मी जाते. मग बोला."

बाजाराच्या दिवशी सकाळी तिनं टोपलीबरोबर एक गाठोडं घेतलं. त्यात लोखंडी तवा, तेलाची बाटली, तिखट-मीठ, आणि पाच-सहा वाळलेली लाकडं होती. मला वाटलं, आपण दुपारी तिथंच भाकरी करून खाणार. मायला विचारायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

ऊन चांगलं तापल्यावर, बाजार भरात असताना, तिनं तीन दगड मांडले आणि जाळ केला. टोपलीतला सगळ्यात मोठा रोहू घेतला. खवले काढले, पोट चिरलं, तुकडे केले, तिखट-मीठ चोळलं. तेल तापल्यावर तुकडा टाकला आणि चर्र असा आवाज झाला. लोक गोळा व्हायला लागले. मायनं तुकडा उलटला, दोन्ही बाजूंनी लाल होऊ दिला, ताटलीत काढला. मग ती उभी राहिली. तशी ती कधी चारचौघांत बोललेली नव्हती. त्यामुळे तिचा आवाज नको तिथं वर जात होता.

"ज्याच्या कानाचं तुमी बोलून राहिले ना, तो माझा लेक होता," ती म्हणाली. "मी त्याला धुतलं. त्याच्या अंगावर कुठं काय होतं ते माझ्यापक्षा कोणाला ठावं? हे मासे त्यानं लेकरावानी वाढवले. त्यांनी माझा लेक खाल्ला आसता तर मी तोंडात घातले आसते का?"

आणि तिनं खाल्ला. उभ्यानं, सगळ्यांकडे बघत. काटे काढून, नीट चावून, गिळून. दुसरा घास घेतला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "बया बया, डाकीण हाय का बाई." दुसरं कुणी म्हणालं, "आई हाय, खाईल ती. लेकीला खायला लाव." मायनं माझ्याकडे बघितलं. तिनं मला आधी सांगितलं नव्हतं, आणि त्या क्षणीही ती मला म्हणाली नाही की खा. तिनं फक्त ताटली माझ्यासमोर धरली, दोन्ही हातांनी, जशी पाहुण्यासमोर धरतात. मी तुकडा उचलला. मला वाटलं होतं, उलटी होईल. झाली नाही. मला भूक लागली होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि मासा चांगला झाला होता. मी आयुष्यात जाड मधला तुकडा पहिल्यांदा खात होते. हे वाक्य मी किती वर्षं मनात ठेवलं आहे, ते मला सांगता येणार नाही.

मग एक हळदीचा हमाल पुढे आला, माशाला बोट लावून बघितलं आणि म्हणाला, "आई खाती म्हणल्यावर आपल्याला काय? दे एक. पर मेल्या माणसाच्या तळ्यातला हाय, काही कमी करशील का न्हाई?" लोक हसले. मायनं ताजवा उचलला. त्याच्यामागे दुसरा आला, तिसरा आला, सगळ्यांनी तेच सांगून भाव पाडून घेतला, आणि सांज व्हायच्या आत टोपली रिकामी झाली. मला वाटलं, संपलं.

ते संपलं नव्हतं. पुढच्या बाजाराला आम्ही नुसती टोपली घेऊन गेलो, तर लोक येऊन उभे राहिले आणि घेईनात. "आज न्हाई खाऊन दाखवत?" एक पोरगा म्हणाला. "मागच्या बारीचे मासे येगळे, हे येगळे." मायनं मला शेजारच्या खानावळीतून तवा आणायला पाठवलं. त्यानंतर तळं रिकामं होईपर्यंत प्रत्येक बाजाराला ती खात होती. आजूबाजूच्या गावची माणसं माय मासा खाते ते बघायला यायला लागली. बाप लेकरांना खांद्यावर घेऊन यायचे. मोबाईल वर धरलेले असायचे. कुणी म्हणायचं, इकडं तोंड करून खा. एकदा एका बाईनं तिला मधेच थांबवलं, तिचा नवरा लघवीला गेला होता, त्याला येऊ दे म्हणाली. आणि माय थांबली. हातात तुकडा धरून थांबली. कारण ती बाई पाच मासे घेणार होती.

मधल्या एका बाजाराला मारोतीकाका आला. बहुतेक त्याला ते बघवलं नसावं. तो गर्दीत घुसून ओरडला, "अरे, माशांनी न्हाई खाल्लं त्याला! खेकडं होते! मी काढलं, मी सांगून राहिलो ना!" लोक त्याच्याकडे वळलेसुद्धा नाहीत. एक जण म्हणाला, "सरक बाजूला, दिसून न्हाई राहिलं." काका मायसमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, पुरे करा आता." माय घास गिळून म्हणाली, "तुमच्याजवळ एक शब्द होता भावजी. त्या दिवशी त्याला लई मोल होतं. आता घरी जा." काकानं त्या पावसाळ्याआधी मांगूरचा खड्डा बुजवला आणि बायको-लेकरं घेऊन सासुरवाडीकडे निघून गेला. आमच्या भिंतीपलीकडे कुणी राहायला आलं नाही.

तळं राहिलं. मासा सगळा खपला, भावकी गप्प बसली, आणि पाऊस पडून पाणी भरल्यावर मायनंच दिगूच्या हिशोबाने बोटुकली आणून सोडली, जेवढी सोसतील तेवढीच. आजही त्या तळ्यात रोहू, कटला, मृगळच आहेत. दुसऱ्या गावांची माणसं आता बघायला येतात, कसं करता विचारतात. माझी लेक तिथं असली की त्यांना सगळं नीट समजावून सांगते. मामा कसा गेला ते तिला माहीत आहे. आजीनं काय केलं ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. हे लिहून झाल्यावर तिनेच वाचावं.

मात्र आमचं घर राहिलं नाही. मायनं पहिल्यांदा मासा खाल्ला त्या बाजाराहून आम्ही परत आलो, तेव्हा ती बातमी आमच्याआधीच घरी पोचली होती. मायनं हातपाय धुतले, भाकरी टाकल्या, बाचं ताट वाढलं. बानं ताट हातानं मागे सारलं. ओरडला नाही. म्हणाला, "ह्या हातानं मला वाढू नको." माय म्हणाली, "अवं, त्याचं तळं राखायला केलं मी." बा म्हणाला, "तळ्यासाठी लेक खाल्ला तू." तो उठला, पीठ मळलं, आणि आपली भाकरी आपण थापायला बसला. भाकरी फाटत होती, तव्यावर चिकटत होती. दम लागत होता, तरी थापत होता. माय बाजूला बसून बघत होती. तेव्हापासून तो तिच्या हातचं पाणीही प्यायला नाही. एकाच छपराखाली दोन चुली पेटायच्या. मी दोन्ही चुलींवरचं खायचे, आणि कुठल्या चुलीपाशी आधी बसायचं याचा विचार रोज करायचे. माझं लग्न झालं, लेक झाली, तरी ते तसंच चालू होतं.

बा अंथरुणाला खिळला तेव्हा मी लेकीला घेऊन माहेरी येऊन राहिले. त्याला उठवत नव्हतं, चूल पेटवणं दूरच. मी करते म्हणाले. पण मायनं पहिल्याच दिवशी परात माझ्या हातातून ओढून घेतली. ती भाकरी करायची, मी ताट आत न्यायचे आणि सांगायचे की मी केली आहे. बा दुधात कुस्करून खायचा. माय दाराच्या आड उभी राहून, तो किती खातो ते बघायची. असे बरेच महिने गेले.

एके दुपारी मी त्याला भरवत होते. मी त्याला न राहवून विचारलं, "बा, तो मासा मी बी खाल्ला होता. माझ्या हातचं कसं चालतं तुला?" त्याने तोंडातला घास गिळला. मग म्हणाला, "तू कुठं करती? तुझी भाकर कधी फुगली का? मला पहिल्याच दिवशी कळलं." मी काही बोलायच्या आत त्याने माझं मनगट धरलं. त्याच्या बोटांत तेवढं बळ कुठून आलं कुणास ठाऊक. "तिला सांगू नको," तो म्हणाला. मी दाराकडे बघितलं. माय नेमकी त्या वेळी तळ्यावर गेली होती.

त्यानंतर आठवड्याच्या आतच बा गेला. त्याचा दहावा होईपर्यंत मी त्याचं ऐकलं. अकराव्या दिवशी माय परसात गव्हाची चाळण घेऊन बसली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि सांगून टाकलं, की त्याला सगळं माहीत होतं, पहिल्या दिवसापासून, आणि तरी तो खात होता. मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती चाळण हलवत राहिली, मग थांबली. ती कधी रडली नव्हती, दिगूच्या वेळीही नाही, आणि तेव्हाही रडली नाही.

"मग येवढी वर्सं दोन चुली काहून?" ती म्हणाली.

ती माझ्याकडे बघत होती, जणू मला उत्तर माहीत असावं.